पाण्याखाली टोपल्या

बत्तीस वर्षं मी खिडकी क्रमांक तीनमागे बसले.
मेन राज्यातलं लहानसं कॉलेज,
नदीपलीकडे कागदाची गिरणी,
आणि दर जानेवारीला
बुटांचा बर्फ माझ्या फरशीवर सांडणारी नवी पोरं.

फॉर्मवर विषयाचं नाव एक छापलेलं,
पोरांच्या तोंडी दुसरंच.
प्राथमिक भूगर्भशास्त्र म्हणजे 'पैलवानांचे दगडधोंडे'.
खगोलशास्त्राची ओळख: 'मान वर करा, पास व्हा'.
संगीताचा आस्वाद: 'टाळ्या वाजवा, मार्क मिळवा'.
आणि 'कवींपुरतं भौतिक' घेणाऱ्यांत
कवी मला एकही दिसला नाही,
दिसले ते सगळे आकडेमोडीला भ्यालेले.

मी शिक्का मारायचे. शिक्क्याला विनोद कळत नाही.

पण या सगळ्या विनोदांचा बाप
रोज माझ्याच टेबलावर जेवायचा.
आर्मांड, माझा नवरा.
कुणाचा पुतण्या, कुणाची भाची काहीही शिकत असो,
बायझंटाइन नाणी, कठपुतळ्या, आइसलँडची जुनी भाषा,
हा बटाट्यांवर ग्रेव्ही ओतता ओतता म्हणणार,
"म्हणजे पाण्याखाली टोपल्या विणणार म्हणा की!"
आणि स्वतःच हसणार, ग्रेव्ही सांडेपर्यंत.

आमच्या सिमोननं लोककथा हा विषय घेतला
तेव्हा मात्र तो हसला नाही.
"टोपली," एवढंच म्हणाला
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
त्या नाताळला सिमोन घरी आली नाही.
पुढच्याही नाही.

आर्मांडचं शिक्षण उपयोगी होतं.
कागद-तंत्रज्ञान, दोन वर्षं, भिंतीवर फ्रेम करून.
लगदा किती ओला, रूळ किती गरम
हे तो झोपेतही सांगायचा.
मग एका मंगळवारी गिरणीचा भोंगा वाजला नाही.
बुधवारीही नाही.
भोंग्यावर घड्याळं लावणारं आमचं गाव
आठवडाभर उशिरा उठलं.
फ्रेम तेवढी सरळ टांगलेली राहिली.

दोन हिवाळे तो गॅरेजमध्ये
स्क्रू आकाराप्रमाणे लावत बसला.
लावून झाले की डबा पुन्हा पालथा.

तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या खिडकीशी आला,
नंबर घेऊन, रांगेत उभा राहून,
अनोळखी माणसासारखा.
विद्यार्थ्याचं नाव: आर्मांड पेलेटिए.
वर्ग: संध्याकाळचा.
शिक्षिका: विनिफ्रेड सोकाबेसिन, पॅसामाक्वॉडी जमातीच्या.
विषय: ॲश लाकडाच्या टोपल्या.

मी मान वर केली नाही.
केली असती तर बत्तीस वर्षांचं हसू
एकदम फुटलं असतं.
"पेन चालत नाहीये," तो म्हणाला.
चालत होतं.

पहिल्याच दिवशी त्यानं बाईंना तो विनोद सांगितला.
सांगितल्याशिवाय राहवतंय कुठलं!
बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
म्हणाल्या, "पट्ट्या भिजवल्या नाहीत तर मोडतात.
माझी मावशी ओढ्यात पाय सोडून विणायची.
तुम्ही आधी हात बुडवा.
विनोद नंतर वाळत घालू."

आता आमच्या बाथटबमध्ये लाकडाच्या पट्ट्या पोहतात.
आंघोळीला मी बहिणीकडे जाते.
हा काठाशी गुडघे टेकून, बाह्या सारून,
कोपरापर्यंत पाण्यात:
एक वरून, एक खालून, एक वरून,
चुकलं!
शिव्या सगळ्या फ्रेंचमधून.

पहिली टोपली एका अंगाला कललेली.
तिच्यात अंडं ठेवायची माझी छाती नाही.
त्यानं ती खोक्यात घातली, भोवती वर्तमानपत्र कोंबलं,
सिमोनचा पत्ता लिहिला,
पिनकोड चुकवला, खोडला, पुन्हा लिहिला.
सोबत चिठ्ठी नाही.
चिठ्ठी कशी लिहायची
हे उपयोगी शिक्षणात नव्हतं.

गुरुवारी फोन आला. मी बाथरूममध्ये नेऊन दिला.
पलीकडून काय विचारलं कोण जाणे,
हा म्हणाला, "हो. हो गं. अगदी पाण्याखाली."
आणि हात ओले म्हणून
डोळे त्यानं खांद्याला पुसले.

फोन टबात पडला.
दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला आहे.
अजून खरखरतो,
पण सिमोनचा आवाज येतो.